चित्रपट-कार्टूनवरचे जुने गेम: चांगला कोणता, टाकाऊ कोणता, आधी कसं ओळखायचं?

खेळिया१६:
सुपर निन्टेन्डो आणि मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम कन्सोलसाठी चित्रपट-कार्टूनवरचे गेम जमवतोय. दर्जाचा काही भरवसा नाही. डब्यावर 'एलजेएन' या कंपनीचं नाव दिसलं की लांब राहा आणि कॅपकॉम किंवा कोनामी दिसलं की डोळे झाकून घ्या, असं कायम वाचायला मिळतं. हे कितपत खरं? शिवाय 'अलादीन' आणि 'लायन किंग' कोणत्या कन्सोलवरचे घ्यावेत?

डीपॅड:
एलजेएन प्रकाशक होती, गेम स्वतः बनवत नव्हती. एनईएसवरचा (सुपर निन्टेन्डोच्या आधीचा निन्टेन्डोचा कन्सोल) तिचा 'फ्रायडे द थर्टीन्थ' अॅटलसने बनवला, 'बॅक टू द फ्युचर' ऑस्ट्रेलियाच्या बीम सॉफ्टवेअरने आणि 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' रेअरने. डब्यावरचं मोठं नाव लायसन्स, म्हणजे चित्रपट किंवा पात्र वापरायचा हक्क, कोणी विकत घेतला एवढंच सांगतं. कोड कोणी लिहिला ते वेगळं शोधावं लागतं.

कोनामीवरही डोळे झाकून विसंबू नका. १९८९चा एनईएसवरचा 'निन्जा टर्टल्स' बघा: धरणाखालच्या लेव्हलमध्ये २ मिनिटं २० सेकंदांत ८ बॉम्ब निकामी करायचे, तेही विजेचा झटका देणाऱ्या शेवाळाच्या अरुंद फटींतून पोहत. त्याच कोनामीचा १९९२चा 'टर्टल्स इन टाइम' मात्र सुपर निन्टेन्डोवरच्या सर्वोत्तम मारामारीच्या गेमपैकी एक.

जुनंकार्ट्रिज:
डीपॅडशी सहमत, पण डेव्हलपरचं नावही पुरत नाही. 'रॉजर रॅबिट' करणाऱ्या रेअरनेच एन६४वर (निन्टेन्डो ६४ कन्सोल) 'गोल्डनआय' दिला. चित्रपट १९९५चा, गेम ऑगस्ट १९९७चा. चित्रपटाबरोबर बाजारात आणायची सक्ती गळून पडली आणि तो वेळ गेममध्ये दिसतो.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे अटारी २६०० या कन्सोलवरचा 'ई.टी.'. १९८२च्या नाताळात विकायचा म्हणून प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्यातला सगळ्यात छळणारा दोष पाहा. पाय जमिनीवर असले तरी डोक्याचा एखादा पिक्सेल खड्ड्याच्या कडेला टेकला की ई.टी. खाली पडतो. कल्पना वाईट नव्हती, अशा गोष्टी तपासून सुधारायला फुरसतच नव्हती.

वेळ मिळूनही गाडी रुळावरून घसरते ती लायसन्सच्या अटींमुळे. एन६४वरचा 'सुपरमॅन' १९९९मध्ये आला. तो काढणाऱ्या टायटस कंपनीच्या म्हणण्यानुसार सुपरमॅनने खऱ्या माणसांना मारायचं नाही ही अट होती, म्हणून सगळी गोष्ट आभासी जगात नेली. हाती काय उरलं? धुक्यात गोल रिंगांमधून उडत राहणं.

टर्बोबटण:
घेण्याआधी मी सुचवेन की पहिल्या लेव्हलचा व्हिडिओ पाहा, पण ग्राफिक्सकडे लक्ष देऊ नका. पात्राची एखादी खास हालचाल आहे का आणि लेव्हल तिच्याभोवती रचल्या आहेत का, ते बघा. कॅपकॉमच्या 'डकटेल्स'मध्ये (एनईएस, १९८९) हवेत असताना खालची दिशा आणि 'बी' बटण दाबलं की स्क्रूज काठीवर उसळतो. त्याच उसळीने शत्रू मरतात, उंच जागा गाठता येतात आणि काट्यांवरूनही इजा न होता जाता येतं. सनसॉफ्टच्या 'बॅटमॅन'मध्ये हेच काम भिंतीवरून उलटी उडी करते. शेवटी दातेरी चाकांमधून वर चढताना ती उडी हातात बसलेली नसेल तर खेळ तिथेच संपतो. ज्या गेममध्ये पात्राचं चित्र बदललं तरी काहीच फरक पडणार नाही, तो सहसा टाकाऊच निघतो.

'अलादीन' दोन्ही घ्या. ते दोन पूर्णपणे वेगळे गेम आहेत, दोन्ही १९९३चे. मेगा ड्राइव्हवरचा व्हर्जिनचा, त्यात अलादीनच्या हाती तलवार आहे आणि अॅनिमेशन डिस्नेच्या चित्रकारांचं. सुपर निन्टेन्डोवरचा कॅपकॉमचा, त्यात तलवार नाही. शत्रूच्या डोक्यावर उडी मारायची, सफरचंदं फेकायची, झोके घेत पुढे जायचं. दिसायला पहिला सरस, पण उड्यांची अचूकता मला दुसऱ्यात जास्त आवडते.

खेळिया१६:
फार उपयोगी. 'लायन किंग'ची दुसरी लेव्हल मुद्दाम इतकी अवघड केली होती का?

जुनंकार्ट्रिज:
हो, मुद्दाम. तेव्हा अमेरिकेत गेम भाड्याने मिळत. भाड्याच्या दोन दिवसांत संपला तर विकत कोण घेणार, म्हणून सुरुवातीलाच अडवायचं, असं हा गेम बनवणाऱ्या वेस्टवुड कंपनीच्या लुई कॅसल यांनी नंतर सांगितलं आहे. माकडं सिंबाला फेकतात त्या ठिकाणी अडकला असाल तर उड्या मारून काही होणार नाही. डरकाळीची पट्टी पूर्ण भरू द्या आणि माकडासमोर डरकाळी फोडा, म्हणजे ते तोंड फिरवतं आणि सिंबाला दुसऱ्या दिशेला फेकतं. कोणत्या माकडाला वळवायचं हेच कोडं आहे. चुकलात तर फिरून त्याच जागी येता.

सुपर निन्टेन्डो आणि मेगा ड्राइव्हवर गेम जवळजवळ सारखाच आहे, कोणताही घ्या. फक्त युरोपातली, तिथल्या टीव्हीच्या ५० हर्ट्झ वेगासाठीची (सेकंदाला ५० वेळा चित्र) कार्ट्रिज घेताना जपा. ६० हर्ट्झसाठी लिहिलेला गेम त्यासाठी नीट जुळवला नसेल तर सुमारे १७ टक्के संथ चालतो, संगीतासकट.