‘नावावर केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

अमळनेरहून प्रश्न:
आमच्याकडे शेताची खरेदी झाली तरी ‘वावर नावावर केलं’, तलाठ्याकडे नाव लागलं तरी ‘नावावर केलं’, आणि बापाने मुलांना वाटून दिलं तरी तेच. कोणी प्लॉट घेतला की अहिराणीत पहिला प्रश्न येतो, “उतारावर नाव चढनं का?” म्हणजे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नाव चढलं की मालकी आली, असाच सगळ्यांचा समज. खरेदीखत, नोंदणी, नोंद, फेरफार यांतल्या कोणत्या शब्दाने मालकी जाते? आणि साठेखत बरोबर की साटेखत?

चोपड्याहून:
भाऊ, निम्मा घोटाळा ‘नोंद’ आणि ‘नोंदणी’ या दोन शब्दांनी केलाय. नोंदणी होते दुय्यम निबंधकाकडे, दस्ताची. नोंद होते तलाठ्याकडे, फेरफाराची, म्हणजे हक्क बदलल्याची. बोलताना दोन्हीला ‘नोंद’च म्हणतात.

मालकी जाते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 54 प्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो. आज 100 रुपयांत कुठलं वावर येतं? म्हणजे झाडून सगळे व्यवहार त्यात आले. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला द्यायचा. नोंदणी झाली की तो सगळ्यांना माहीत आहे असं कायदा धरून चालतो. पुढच्या घेणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणता येत नाही, म्हणून तर वकील जुन्या दस्तांचा सर्च घेतात.

फेरफार हा त्यानंतरचा भाग. निबंधकाकडून कळवलं जातं, तलाठी गाव नमुना 6 मध्ये फेरफार लिहितो, नमुना 9 ची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करतो. मग सातबाऱ्यावर जुनं नाव कमी होतं (पूर्वी कंस करत, आता आडवी रेघ मारतात) आणि नवं नाव खाली. जुना हाती लिहिलेला उतारा असेल तर नावाशेजारी गोलात फेरफाराचा नंबर सापडेल. मी उतारा हातात घेतला की आधी तो गोल शोधतो. नाव कोण आहे ते कोणालाही वाचता येतं, पण ते कशाने आलं हे त्या नंबरावरून फेरफार काढल्याशिवाय कळत नाही.

सातबारा मुळात शेतसाऱ्यासाठी. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. निव्वळ फेरफाराने मालकी येत नाही किंवा जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय.

शिरपूरहून:
म्हणजे खरेदी झाली आणि उताऱ्यावर नाव लागलंच नाही, तर?

चोपड्याहून:
मालक तुम्हीच. पण पीककर्ज मिळणार नाही, भूसंपादनाची नोटीस जुन्या नावाने जाईल, आणि विकणाऱ्याची नियत फिरली तर उताऱ्यावर त्याचंच नाव दाखवून तो दुसरा सौदा करेल. त्या दुसऱ्याला कायद्याने काही मिळत नाही, कारण विकणाऱ्याकडे उरलेलंच काही नसतं. पण कोर्टाच्या पायऱ्या तुम्हालाही चढाव्या लागतात. म्हणून निबंधकाकडून परस्पर कळवतात यावर विसंबू नका. महिन्याभराने उतारा काढून बघाच.

जळगावहून:
बोलीतली एक गंमत. आपल्याकडे विकणारा ‘खरेदी देतो’ आणि घेणारा ‘खरेदी घेतो’. कागदाचं नाव घेणाऱ्याच्या बाजूने पडलंय आणि विकणाराही तेच वापरतो. नागपूरकडच्या कागदांत ‘विक्रीपत्र’ दिसतं, व्यवहार तोच.

साठेखताबद्दल: मूळ साटेखत. साटं म्हणजे अदलाबदल, सौदा. साटंलोटं मधलं तेच. साठ्याशी काही संबंध नाही. पण आता छापील कागदांतही ‘साठेखत’ रुळलंय, त्यामुळे चूक म्हणून कोणी भांडू नये. भांडायचं तर अर्थावरून भांडा. साठेखत हा पुढे खरेदी देण्याचा करार आहे, त्याने मालकी येत नाही. इसार पावतीने, म्हणजे आगाऊ रकमेच्या पावतीने, तर नाहीच. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून प्लॉट ‘घेतलेले’ लोक प्रत्येक गावात भेटतील. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर) विकत घेतलं म्हणणाऱ्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं, ती विक्री नव्हे.

शहाद्याहून:
आमच्या बाजूला आणखी एक बघावं लागतं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने लागते. ती नसेल तर कागद कितीही देखणा असो, उपयोग नाही.

शिरपूरहून:
सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘इकरार’ लिहिलेलं असतं. तो करार का?

चोपड्याहून:
नाही, आणि हा शब्द कळला नाही तर महागात पडतो. इकरार म्हणजे कबुली. गावच्या विकास सोसायटीचं (शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचं) कर्ज घेताना सभासद लिहून देतो की या गटावर कर्जाचा बोजा राहील. त्याची नोंद उताऱ्यावर चढते. कर्ज फेडलं तरी ती आपोआप पुसली जात नाही, सोसायटीचा दाखला नेऊन बोजा कमी करून घ्यावा लागतो. कित्येक उताऱ्यांवर आजोबांनी फेडलेल्या कर्जाचा इकरार अजून बसलेला असतो. घेणाऱ्याने ‘ते जुनं आहे हो’ ऐकून घेऊ नये, दाखला मागावा.

अमळनेरहून:
आणि ‘बहिणीने नाव सोडलं’? आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतात, तेव्हाच कागदावर सह्या होतात.

जळगावहून:
सोडण्याचा शब्द हक्कसोडपत्र, आणि त्याचीही नोंदणी लागते. तलाठ्यापुढे दिलेला जबाब किंवा साध्या कागदावरची सही हक्कसोड होत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. त्यामुळे वारस नोंदीत बहिणींची नावंच न घालता ‘सोडलं’ म्हणणं हा निव्वळ शब्दाचा खेळ आहे. असं वावर घेताना फेरफारातली वारसांची यादी वाचा आणि गावात विचारा, बहिणी किती. यादीत कमी निघाल्या तर इसार देऊ नका.