शिडाच्या लाकडी जहाजात किती प्रवासी मावत?

प्रश्न: साधारण १८० टनांच्या शिडाच्या जहाजातून महासागर ओलांडायचा, तर किती प्रवासी नेता येत? हिशेब जागेचा धरायचा की वजनाचा?

उत्तर १: दोन्हींच्या आधी पाण्याचा. शंभर माणसं, माणशी रोज ३ लिटर, ६० दिवस म्हणजे १८,००० लिटर. नुसतं पाणीच १८ टन, पिंपांचं वजन वेगळं! वारा पडला की प्रवास लांबतो, म्हणून निम्मा साठा जास्तीचा धरा. १६२० साली साधारण याच आकाराचं मेफ्लॉवर १०२ प्रवासी घेऊन ६६ दिवसांत अटलांटिकपार गेलं.

उत्तर २: पिंपं रिकामी होत गेली की तळ हलका होतो आणि जहाज जास्त कलतं. म्हणून त्यांत समुद्राचं पाणी भरत. पुढच्या बंदरात ती नीट धुतली नाहीत, तर नवं पाणी मचूळ. वादळात झडपा बंद केल्या की खालच्या मजल्यावर हवा कोंडते, तेही विसरू नका.

उत्तर ३: अमेरिकेच्या १८१९ च्या कायद्यात दर ५ टनांमागे २ प्रवासी, म्हणजे १८० टनांना ७२. युरोपला निघणाऱ्या जहाजांवर माणशी ६० गॅलन पाणी सक्तीचं. मात्र हे टन जहाजाच्या मापावरून काढलेले, वजनाचे नव्हेत.