फक्त आपल्या सैन्याच्या गाड्यांची मॉडेलं जमवायचीत, पण ‘आपली’ कुठली धरायची?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. प्लॅस्टिकचे सुटे भाग (किट) जोडून मॉडेल करायचा नाद मला कॉलेजपासनं आहे, कपाटात टायगर, पँथर, टी-३४, एक शेरमन असे सगळे दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे भरलेत कारण किट म्हणून मिळतंय तेच. गणपतीला आमचे चुलते आलेले, सैनिक टाकळीचे, घरातली तिसरी पिढी फौजेत, त्यांनी कपाट नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, “ह्यात आपलं काय हाय रं?”

तेव्हापासनं ठरवलंय की इथून पुढं फक्त भारतीय सैन्याच्या गाड्या. पण यादी करायला बसलो आणि डोकं फिरायची पाळी आली. टी-७२ आणि टी-९० रणगाडे रशियाचे, विजयंता मूळचा ब्रिटिश व्हिकर्स, के-९ वज्र तोफ कोरियाची, सैनिक नेणारी सारथ म्हणजे रशियाचीच बीएमपी-२, जबलपूरची जोंगा जीप म्हणावी तर ती पण निस्सानची. मग काय एकटा अर्जुन रणगाडा करून गप्प बसायचं?

दुसरं म्हणजे पैसे. २०२० च्या बजेटला खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० ची ६० टक्के झाली, २०२३ ला ७०, आणि स्केल मॉडेल त्याच हेडिंगखाली येतंय, म्हणजे माझं किट आणि पोरांचा डंपर सरकारला एकच. त्यामुळं घेऊन तर ठेवू मग बघू हे आता परवडत नाही. १/७२ मधे, म्हणजे खऱ्या गाडीच्या बहात्तराव्या भागाच्या मापात, जावं का असा विचार करायलोय, पण १/३५ ची सवय झालेल्याला ते लई बारीक वाटतंय राव. टी-९० तोफेसकट साडेनऊ मीटरच्या वर आहे, १/३५ ला तो साडेसत्तावीस सेंटीमीटर होतो आणि १/७२ ला जेमतेम साडेतेरा. जागेचा प्रश्न पण आहेच, कपाट काय वाढणार नाही.

सुरुवात कुठनं करू सांगा की कोणीतरी.

कोथरूडचा स्प्रू

व्याख्या करत बसलात तर आयुष्यात एक किट पूर्ण होणार नाही. आपल्या सैन्याने वापरली, आपली माणसं तीत बसून लढली, विषय संपला. टी-९० भीष्म तर २००९ पासून चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून बाहेर पडतोय, वज्र एल अँड टी हजीऱ्याला बनवते. मूळ डिझाइन कुणाचं हे बघायचं असेल तर जगातल्या निम्म्या सैन्यांना स्वतःचं असं काही उरणार नाही.

१/७२ मधे जाऊ नका, हात बसलाय तिथेच राहा. टी-७२ साठी टामिया कंपनीचं टी-७२एम१ घ्या, जुनं किट आहे पण सांधे अजून चांगले बसतात आणि आपला अजेय (टी-७२ चं आपल्याकडचं नाव) मुळात एम१च. टी-९० केलात तर एकच गोष्ट डोक्यात ठेवा, रशियन टी-९० ला तोफेच्या दोन्ही बाजूला ते लाल डोळे असतात ना, श्टोराचे (क्षेपणास्त्राला चकवायची यंत्रणा), ते आपल्या भीष्मवर नाहीत. त्या जागी आपल्याकडे रिअॅक्टिव्ह आर्मरच्याच विटा आहेत, गोळा आदळला की स्वतः फुटून त्याचा जोर मोडणाऱ्या. डोळे लावून वर भारतीय नंबर टाकलेली मॉडेलं बघितली की मला फार त्रास होतो, पण तो माझा स्वभावदोष समजा.

देशी बाणा

रशियन रणगाड्याला हिरवा रंग फासून तो भारतीय होत नाही. अर्जुन करा नाहीतर करू नका.

कोथरूडचा स्प्रू

अर्जुनचं इंजिन जर्मनीच्या एमटीयूचं आहे, १४०० हॉर्सपॉवरचं. तेवढं मॉडेलमधून काढून ठेवायला सांगू का त्यांना?

माजी रिसाला, गडहिंग्लज

राम राम. मी टी-७२ वर ड्रायव्हर होतो, आता गावाकडं असतो. मॉडेल करत नाही, पण नातू करतो म्हणून इथं येऊन वाचत असतो. गाडी आपली हाय का दुसऱ्याची ते मला विचाराल तर कंपनीवरनं कळत नाही, ठेवलीय कशी त्याच्यावरनं कळतंय.

पहिली गोष्ट गंज. तुम्ही पोरं मॉडेलवर एवढा गंज आणि तेलाचे ओघळ दाखवता की आमच्या रिसालदार साहेबांनी बघितलं असतं तर अख्ख्या ट्रूपला उन्हात उभं केलं असतं. मेंटेनन्स परेड झाली की गाडी घासून पुसून, हुकाला, साखळीला, फावड्याच्या दांड्याला सुद्धा रंग, रंगावर रंग बसून बसून बोल्टच्या कडा गोल होतात. राजस्थानात धूळ बसते, बक्कळ बसते, ती जरूर दाखवा. ती पण चाकाकडनं वर चढत गेलेली, टपावर कमी. पण गंज नको. लढाईत असलेली गाडी करत असाल तर चिखल मारा, तिथं कोण विचारत नाही.

दुसरी नंबर प्लेट. काळ्यावर पांढरा नंबर, सुरुवातीला वर तोंड केलेला बाण, बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आली ते साल, मग एक अक्षर, मग नंबर, शेवटी परत एक अक्षर. बाजारातल्या खेळण्यावर बाण आडवा नाहीतर नसतोच. १९७१ ची गाडी करून त्यावर १२ साल टाकलेलं मी फोटोत बघितलंय, आता काय बोलायचं. आणि फॉर्मेशन साइन विसरू नका, कुठल्या डिव्हिजनची गाडी ते त्याच्यावर कळतं.

जमलं तर नगरला एकदा जाऊन या. पुण्यापासनं पुढं सव्वाशे किलोमीटरच्या आतच, आर्मर्डवाल्यांचं टँक म्युझियम आहे, १९९४ पासनंचं. विजयंता, सेंच्युरियन, पाकिस्तानकडनं पकडलेला पॅटन, सगळं हाताच्या अंतरावर. अरुण खेत्रपाल साहेबांचा फामागुस्ता नावाचा रणगाडा पण नगरलाच आर्मर्ड सेंटरमधे जपलाय, तोच सेंच्युरियन ज्यातनं ते १९७१ ला बसंतरला लढले आणि २१ व्या वर्षी गेले. पूना हॉर्स रेजिमेंटचे साहेब होते ते.

बिंदू चौक

राजारामपुरीकर भावा, तुझ्या कपाटात आपला रणगाडा आधीच हाय की! तो शेरमन बघ. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात असल उत्तरच्या लढाईला डेक्कन हॉर्स रेजिमेंटनं शेरमनच वापरलेत. महायुद्धातला अमेरिकन शेरमन, विसेक वर्षांनी पंजाबात खेमकरणजवळ पॅटनसमोर उभा. नुसता वरचा अमेरिकन स्टार खरवडून काढून चालणार नाही म्हणा, आपण काही शेरमनवर एएमएक्स-१३ ची ७५ मिमीची फ्रेंच तोफ बसवलेली, त्याची नळी लांबडी आहे, फोटो बघून कुठला प्रकार करायचा ते आधी ठरव.

माझं म्हणणं असं आहे की सैन्यातलं सगळं जमवायच्या नादाला लागूच नकोस. ७० टक्के ड्युटीत ते होणार बी नाही. एक लढाई धर. आणि कोल्हापूरच्या माणसानं धरायची तर असल उत्तरच धरावी, का सांगतो. ८ ते १० सप्टेंबर १९६५. आपल्याकडं शेरमन, सेंच्युरियन आणि हलका एएमएक्स-१३, तीन रेजिमेंट तीन जातीचे रणगाडे, डेक्कन हॉर्सचे शेरमन, ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, ८ कॅव्हलरीचे एएमएक्स. समोर पाकिस्तानकडं त्या वेळचा नवाकोरा अमेरिकन पॅटन, आपल्या बहुतेक गाड्यांपेक्षा सरस. तर आपल्या लोकांनी केलं काय, घोड्याच्या नालासारखी मांडणी करून उसाच्या फडात गाड्या लपवल्या आणि रानात पाणी सोडलं. रात्रभर पाणी पिऊन रान असं फुगलं की पंचेचाळीस-पन्नास टनांचं धूड आत आलं की रुतलंच. पाटाच्या पाण्यात ट्रॅक्टर घालून बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वरनं फडातनं ठासून मार. अब्दुल हमीद तर जीपवर १०६ मिमीची आरसीएल (रणगाडा फोडायची हलकी तोफ) घेऊन, म्हणजे पत्र्याची गाडी आणि वर एक नळी, उसाच्या आडनं पॅटन उडवत होते, १० तारखेला पडले, परमवीर चक्र. लढाई संपल्यावर तिथं एवढे पॅटन गोळा झाले की त्या जागेला पॅटन नगरच म्हणायला लागले.

आता हिशोब कर. तीन रणगाडे, त्यातला एक तुझ्याकडं आहे. एक जीप. हौस असेल तर एक पॅटन. संपलं कलेक्शन, एका फळीवर बसतंय, आणि चुलते परत आले की नुसतं बोट दाखवायचं न्हाई, गोष्ट सांगायची. टामियाच्या एएमएक्स-१३ ला ७५ ची तोफ आहे, आपल्याला पाहिजे तीच. सेंच्युरियनला जरा काम आहे, टामियाचं किट मार्क ३ चं आणि आपले होते मार्क ७, मागची बाजू प्लॅस्टिक शीट लावून वाढवावी लागेल. जीप काय कुठं बी मिळते.

देशी बाणा

म्हणजे अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच. वा. एक पण देशी नाही.

बिंदू चौक

ऊस देशी हाय की.

शिरोळकर

उसाचा विषय निघालाय म्हणून पडतो मधे, मॉडेलमधलं काय कळत नाही पण फडातलं कळतंय. पंजाबात फेब्रुवारी-मार्चची लागण, म्हणजे सप्टेंबरला ऊस सहा-सात महिन्याचा, आपल्या दीड वर्षाच्या आडसालीसारखा धिप्पाड दाखवू नका. माणसाच्या डोक्यावर फूट-दीड फूट धरा. १/३५ ला किती होतं ते तुम्ही बघा. आणि तुरा अजिबात काढू नका, सप्टेंबरात कुठला तुरा? चित्रात ऊस म्हटलं की लोक तुऱ्यासकटच काढतात.

बुडाला वाळका पाला पाहिजे, खालची पानं पिवळी पडून कांड्याला चिकटून लोंबकळतात, वर हिरवीगार. पानाच्या मधोमध पांढरी शीर असते, ती नाही दिसली तर ते ऊस वाटणार नाही. खराट्याची काडी घेऊन कांड्या पाडता येतील असं वाटतंय. आणि रणगाडा गेलेल्या वाटेवर ऊस मोडून आडवा पडतो, मुळासकट उपटत नाही, रान ओलं असलं तर चाकोरीत पाणी लगेच भरतं. मागच्या पावसाळ्यात आमच्यात पोकलेन गेलेला, फोटो पाहिजे असतील तर पाठवतो.

कुंभार गल्ली

मी शाहूपुरीत मूर्ती रंगवतो, भाऊ पण तेच करतो (मी पोरगी आहे, कोल्हापूरबाहेरच्यांनी गोंधळू नये). दोन गोष्टी सांगतो, कामाच्या आहेत.

एक म्हणजे ते नंबर प्लेटचं. घरच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटरमधे पांढरी शाई नसते, त्यामुळं ट्रान्सपरंट डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचा कागद) पांढरे आकडे येतच नाहीत आणि लोक मग ब्रशनं काढायला जातात आणि वाट लागते. पांढरा डेकल पेपर घ्यायचा आणि उलटं करायचं, काळी पट्टी प्रिंट करायची आणि आकडे, बाण कोरे सोडायचे. कोरा भाग म्हणजेच पांढरा नंबर. इंकजेट असेल तर पाण्यात टाकायच्या आधी वरनं क्लिअर वार्निशचे दोन हात मारायचे, नाहीतर सगळी शाई बशीत. कापताना पट्टीच्या आतल्या काळ्यातनंच कापा, कडेला पांढरी रेघ राहिली की ती आधी दिसते. कडेची जाडी काळ्या मार्करनं टिपून घ्या.

दुसरं, जून ते सप्टेंबर लॅकर क्लिअर मारायच्या भानगडीत पडू नका. हवेत दमट एवढं असतंय की वर पांढरट धुकं धरतंय. आम्ही सीझनला दिवे लावून शेड गरम ठेवतो तरी कधी कधी बसतो फटका. धरलंच तर हवा कोरडी बघून वरनं नुसत्या थिनरचा पातळ फवारा मारला की बरंचसं जातं. हिरव्या रंगाला एकच डबी वापरू नका, त्यात थोडा पिवळा टाकून मधल्या पॅनेलवर हलका हात द्या, नाहीतर १/३५ ला हिरवा रंग काळाच दिसतो.

राजारामपुरीकर

सगळ्यांना धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. असल उत्तर फायनल! काल शेरमन कपाटातनं काढला, स्टार खालनं रंगवलेले नव्हते तर डेकलचे होते, सेलोटेपनं बऱ्यापैकी निघाले. शिरोळकर, १/३५ ला तुमचा ऊस सहा-साडेसहा सेंटीमीटर होतोय, म्हणजे शेरमनचा पाऊण भाग झाकला जाईल, जे पाहिजे तेच. पोकलेनचे फोटो नक्की पाठवा. माजी रिसाला साहेब, नगरला दिवाळीनंतर जायचं ठरवलंय, चुलते पण येतो म्हणालेत.

एकच शंका राहिली. पॅटन कुठला घेऊ? टामियाचा एम-४८ए३ दिसतोय.

कोथरूडचा स्प्रू

ए३ नको, तो व्हिएतनामचा, डिझेल इंजिनचा, मागचा इंजिनवरचा डेकच वेगळा. पाकिस्तानकडे एम-४७ पण होते, इटालेरी कंपनीचं एम-४७ चं जुनं किट आहे, तुलनेने स्वस्त पडतं. ट्रॅक कडक असतात, गरम पाण्यात घालून मग वाकवा. आणि अर्धा तर चिखलातच जाणार आहे तुमचा, खालच्या चाकांवर वेळ घालवू नका.

माजी रिसाला, गडहिंग्लज

पॅटनला गंज दाखवला तर चालेल.