‘त्रागा’ आणि ‘कुरकुर’ समानार्थी नाहीत

‘त्रागा’ म्हणजे चिडून केलेली कुरकुर, हा अनेकदा सांगितला जाणारा अर्थ मला अपुरा वाटतो, कारण या शब्दामागे एक भीषण प्रथा आहे आणि तिची खूण आजच्या वापरातही टिकून आहे. गुजरातीत हाच शब्द ‘त्रागुं’ असा आढळतो. सौराष्ट्र आणि कच्छमधील चारण व भाट या स्तुतिपाठक जातींचे लोक करारांना, कर्जांना आणि तांड्यांच्या सुरक्षित प्रवासाला जामीन राहत असत. दिलेला शब्द समोरच्याने मोडला, तर जामीनदार स्वतःवर कट्यारीचे वार करून घेई, प्रसंगी स्वतःचा किंवा घरातल्याच कुणाचा जीव घेई, आणि त्या हत्येचे पाप वचन मोडणाऱ्याच्या माथी बसते अशी सर्वांची श्रद्धा असे. तिथल्या काही पाळियांवर, म्हणजे स्मारकशिळांवर, स्वतःच्या गळ्यात कट्यार खुपसणारा चारण कोरलेला दिसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०८ मध्येही, त्राग्याचे नाव न घेता, समोरच्यावर दैवी कोप यावा म्हणून स्वतःच्या मुलाला मारण्याची धमकी देणाऱ्याचे उदाहरण दिले होते.

कुरकुरणारा माणूस नाराजी बोलत राहतो आणि काम करतो. त्रागा करणारा मात्र भरल्या ताटावरून उठतो, कपाळ बडवून घेतो, ‘मी मेल्यावरच तुम्हाला कळेल’ असे म्हणतो. इजा स्वतःला करून दोष दुसऱ्यावर ठेवण्याची ही रीत ‘चिडचिड’ किंवा ‘तणतण’ या शब्दांत मुळीच येत नाही.