बंदूक कंपन्यांना 2005 चं कवच कशासाठी?

ओसरी: काल इथे कुणी लिहिलं, "दारुड्याने माणूस उडवला तर गाडी कंपनीवर दावा लावता का? मग बंदूक कंपनीवर कसला?" अहो, बंदुकीचा कुणी गुन्ह्यात वापर केला तर ती बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर सहसा दावा लावता येत नाही, असा अमेरिकेत 2005 चा कायदाच आहे. गाडी कंपन्यांसाठी अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, असा खास कायदा केलेला नाही. ग्राहक सुरक्षा आयोग टोस्टर तपासतो, बंदुकीला हात लावू शकत नाही. आणि वर तेव्हाचे अध्यक्ष बुश यांची सही असलेलं हे कवच! कोलोरॅडोतल्या ऑरोराच्या थिएटरमधल्या गोळीबारात मुलगी गमावलेल्या आईबापांनी ऑनलाइन गोळ्या विकणाऱ्यावर दावा लावला. तो फेटाळला गेलाच, शिवाय कोलोरॅडोच्या कायद्याने समोरच्या वकिलांचे 2 लाखांवर डॉलर त्यांच्याच बोकांडी बसले.

डॅलसकर: अर्धंच सांगताय. मालात दोष असेल, दुकानदाराने जाणूनबुजून कायदा मोडला असेल, तर खटला आजही चालतो. शिकागोसारख्या शहरांनी 1998 पासून लावलेले दावे कंपन्यांना वकिलांच्या बिलांनी संपवायलाच होते. मेक्सिको सरकारने अमेरिकी बंदूक कंपन्यांवर लावलेला दावा 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने 9-0 ने उडवला, निकालपत्र उदारमतवादी न्यायमूर्ती केगनबाईंचं. त्याही बंदूकवाल्यांच्या का? माझं गॅस स्टेशन आहे. रात्री पिस्तूल रोखलं गेलं तेव्हा पोलीस सगळं आटोपल्यावर आले. बंदूक महाग झाली तर भुर्दंड माझ्यासारख्याला.

डॅलसकर: आणि सँडी हूक शाळेतला गोळीबार? 9 कुटुंबांना 73 मिलियन डॉलर मिळालेच ना!

ओसरी: मिळाले, बंदूक बनवणाऱ्या रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांकडून. पोरं गेली 2012 ला, तडजोड 2022 ला. तीही कनेटिकटच्या जाहिरातविषयक कायद्याची फट सापडली म्हणून.

एडिसनची_आई: कंपन्या राहू द्या, घरातल्या बंदुकीचं बोला. लेकीला मैत्रिणीकडे स्लीपओव्हरला, म्हणजे रात्री राहायला, पाठवताना मैत्रिणीच्या आईला विचारलं, "घरात गन आहे का, कुलपात असते का?" त्या बाईंनी बोलणंच टाकलं. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत एका विद्यार्थ्याच्या गोळीबारात 4 मुलं मेली. 2024 मध्ये मारेकऱ्याचे आई आणि बाप दोघेही सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. हे सगळीकडे व्हायला हवं.

डॅलसकर: त्यांनी पोराला बंदूक घेऊन दिली होती. माझी चोरीला गेली तर मीही तुरुंगात?

एडिसनची_आई: गाडीत उघडी ठेवून गेलात, तर हो!

डॅलसकर: दुकानात रात्रपाळी करून बघा, मग शिकवा.

ओसरी: आवाज खाली. ताई मुलांबद्दल बोलताहेत.

डॅलसकर: बरं. बंदूक तिजोरीत ठेवायची सक्ती करा, मान्य; माझ्याकडे आहेच. स्लीपओव्हरचंही विचारावं, माझी बायको विचारते. पण कंपनीवरच्या दाव्याला माझा होकार मिळणार नाही.

एडिसनची_आई: मग तिजोरीच्या कायद्याला टेक्सासात मत द्या. इथे मान्य म्हणून काय उपयोग?