वडिलांच्या मागे राहिलेली .३१५ रायफल : ठेवावी की देऊन टाकावी?

दिंडोरीकर (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वडील, ज्यांना घरात आणि गावातही सगळे आप्पा म्हणत, गेल्या मार्गशीर्षात वारले. दिंडोरी तालुक्यातील आमच्या मळ्यातल्या घरी त्यांची .३१५ बोअरची रायफल होती. आजोबांनी पीक संरक्षणासाठी परवाना काढून घेतलेली ही ईशापूरच्या सरकारी कारखान्यातील रायफल पुढे आप्पांच्या नावावर झाली. दिवसकार्य आटोपताच मी ती आणि उरलेली अकरा काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. आता ती परत मागावी की नाही, हे मला ठरवता येत नाही.

आप्पांनी शिकार केली ती वन्यजीव संरक्षणाचा कायदा येण्यापूर्वी, ऐन तरुणपणी आजोबांबरोबर, आणि तीही मोजकीच. पण शिकाऱ्याची दिनचर्या त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. पहाटे चारला उठून, कोरा चहा घेऊन, गळ्यात दुर्बीण अडकवून ते पाझर तलावाच्या बांधावर जात आणि उजाडेपर्यंत तिथे बसून राहत. परतताना चिखलातले ठसे मला दाखवत. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या पावटीत नखांच्या खुणा नसतात; तरसाच्या ठशात त्या असतात आणि त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो, हे मी शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडून शिकलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते रायफल उघडत, बोल्ट काढून बाजूला ठेवत आणि नळी आकाशाकडे धरून आम्हा भावंडांना एकेकाला आतून पाहायला लावत. त्या चकचकीत खाचा वळत वळत दूरच्या उजेडाच्या टिकलीपर्यंत जात. दुसऱ्या दिवशी पाटावर झेंडू आणि आपट्याच्या पानांत तिची पूजा होई.

मी स्वतः नाशिक शहरात, इंदिरानगरला राहतो. मळ्यात आई आणि वाटेकऱ्याचे कुटुंब असते. ही रायफल माझ्या नावावर करून घेणे शक्य आहे का, आणि मुळात ते योग्य आहे का? शेजारचे एक गृहस्थ सांगतात की, मक्यात रानडुकरे शिरतात तेव्हा ती कामाला येईल. मला ते पटत नाही, पण खात्रीने नाही म्हणण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. पडवीत रायफलीच्या खुंटीवर आजोबांच्या वेळची सांबराची शिंगे आहेत. ती आता एकटीच उरली आहेत आणि भिंत फार ओकी दिसते.

जिल्हा न्यायालय नाशिक

दिंडोरीकर, आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. मी वकील आहे, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. शस्त्र लगेच जमा केलेत हे अत्यंत योग्य झाले, कारण परवानाधारक वारला की त्याच्या नावाचा परवाना घरातल्या इतरांना संरक्षण देत नाही आणि शस्त्र घरात राहिले तर तो विनापरवाना ताबा ठरू शकतो. ती पावती जपून ठेवा.

वारस म्हणून आपल्याला स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज कोठे करायचा हे अर्जदाराच्या वास्तव्यावर ठरते. वडील ग्रामीण भागात राहत असल्याने त्यांचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा असेल; आपण शहरात राहता, म्हणून आपला अर्ज पोलीस आयुक्तांकडे जाईल. आई आणि भावंडे यांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे, वडिलांचा मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, आपले वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र यांची तयारी ठेवा. त्यानंतर पोलिसांचा चौकशी अहवाल जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. घरात दुसऱ्या कुणाकडे परवाना असेल, तर तो त्याचा स्वतंत्र विषय आहे.

रानडुकरांबाबत आपले मन योग्य तेच सांगत आहे. पीक संरक्षणाचा शस्त्र परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याने लेखी आदेश दिला तरच, आणि त्या आदेशाच्या मर्यादेतच, असे काही करता येते. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एकही बार काढू नये. पिकाचे नुकसान झाले असेल तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा.

आता आपण जे विचारले नाही ते सांगतो, कारण माझ्या मते या प्रश्नातील खरी निकड तिथे आहे. सांबराची शिंगे. या कायद्याच्या भाषेत शिंगे हीसुद्धा 'ट्रॉफी', म्हणजे वन्य प्राण्याचा जपून ठेवलेला भाग आहे. वडिलांकडे मुख्य वन्यजीव रक्षकांनी दिलेले मालकी प्रमाणपत्र आहे का, ते त्यांच्या कागदपत्रांत आजच शोधा. वारसाहक्काने अशी वस्तू मिळाल्यास नव्वद दिवसांच्या आत त्याच कार्यालयाकडे घोषणापत्र द्यावे लागते. मार्गशीर्षापासूनचे दिवस मोजून पाहा. मुदत उलटली असेल किंवा प्रमाणपत्र सापडत नसेल, तर शिंगे कुणाला देऊ नका, विकू नका, गुपचूप टाकूनही देऊ नका. आधी वकिलामार्फत लेखी अर्ज घेऊन वन विभागाकडे जा. रायफलीची सगळ्यांना धास्ती वाटते आणि खुंटीवरची शिंगे कुणाच्या ध्यानातही येत नाहीत, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

रानवाट

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी आदरपूर्वक मांडते. ज्या घरात पूर्णवेळ राहणारा परवानाधारक नाही, तिथे रायफल असू नये. आपण शहरात, आई मळ्यात, आणि हत्यार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, हे मला सुरक्षित वाटत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे ती रीतसर देता येते. आप्पांनी आपल्याला पावट्या ओळखायला शिकवले, ते कोणत्याही ठाण्यात जमा करावे लागत नाही.

तोफखाना देवळाली

मी देवळालीहून निवृत्त झालेला सैनिक आहे आणि केवळ देखभालीबद्दल लिहितो. ठेवायची की नाही हा दिंडोरीकरांचा घरगुती निर्णय आहे; मात्र ताईंच्या मुद्द्यात वजन आहे आणि ठेवायचीच असेल, तर ती शहरात, आपल्याच घरात, भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात ठेवावी. बोल्ट वेगळा आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. खुंटीचे दिवस गेले.

आपली .३१५ ही ली-एन्फिल्डच्या धर्तीची बोल्ट रायफल आहे. सैन्याची .३०३ नागरिकांना ठेवता येत नसल्याने हे वेगळे काडतूस खाजगी परवानाधारकांसाठी पुढे आले, आणि आपल्या भागातल्या जुन्या परवान्यांवर बहुधा हाच बोअर दिसतो. यंत्र फार दणकट आहे, पण नाशिकचा पाऊस, त्यातही दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडचा, नळीला सोसत नाही. रायफल परत हाती येईल तेव्हा सर्वप्रथम मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा आणि चेंबर रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि मग करंगळीने, अशी दोनदा खात्री करा. 'रिकामीच आहे' असे कुणी कितीही सांगितले तरी ही खात्री स्वतः करायची.

मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे पाहा. खाचांच्या कडा धारदार आणि चकचकीत दिसल्या तर आप्पांनी तिची उत्तम सेवा केली असे समजावे. तपकिरी ठिपके दिसले तर तो गंज आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे बार झाल्यावर नळीत क्षार उरतो, तो हवेतील ओल ओढून घेतो, आणि तेलात तो विरघळत नाही. म्हणूनच आमचे जुने उस्ताद आधी उकळते पाणी ओतायला लावत आणि नळी कोरडी झाल्यावरच पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या वजनदार दोरीला, चिंधी बांधून तेलाचा हात फिरवू देत. चिंधी एका दमात, न थांबता ओढायची. मध्ये थांबलात तर ती अडकते, आणि अडकलेली चिंधी काढण्याच्या खटाटोपात मी चांगल्या नळ्या बिघडलेल्या पाहिल्या आहेत. दस्त्याला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने, लाकूड कोमट होईपर्यंत, चोळावेत. चामड्याच्या पिशवीत रायफल कधीही ठेवू नये, कारण चामडे ओल धरते.

त्या अकरा काडतुसांचे पितळ हिरवट पडले असेल, तर ती परत घेऊच नका.

निफाडकर काका

दिंडोरीकर, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे असाल, म्हणून थोडे मोकळेपणाने लिहितो. बहात्तर सालापूर्वी मी माझ्या मामांबरोबर नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्यात बदकांच्या शिकारीला जात असे. मामांकडे बारा बोअरची दुनळी होती आणि माझ्याकडे भाकऱ्यांचे गाठोडे. दिवाळीनंतरच्या थंडीत, पहाटे साडेतीनला बैलगाडी सोडून, कमरेइतक्या लव्हाळ्यात आम्ही उभे राहत असू. मामा विडीचा धूर सोडून वारा पाहत. धूर पाण्याकडे गेला की जागा बदलायची, कारण बदकांना वासापेक्षा आपली हालचाल आधी कळत असली तरी वाऱ्याच्या तोंडाशी बसले की ती आपल्या अंगावरून उतरतात, असे त्यांचे म्हणणे होते. मग दोन तास काहीही नाही. पाय बधिर होत, पाण्यात कुठेतरी मासा उसळे, आणि पूर्वेला राखाडी रेघ उमटण्याच्या थोडे आधी डोक्यावरून पंखांची शीळ जाई. दिसत काहीच नसे. मामा कानात सांगत, 'हे थापट्ये', 'हे चक्रांग', आणि चक्रवाकाचा तो हंबरल्यासारखा आवाज आला की ते बंदूक खालीच ठेवत. चक्रवाक जोडीने राहतो, एक पडला तर दुसरा त्याच जागी घिरट्या घालत ओरडतो, ते त्यांना ऐकवत नसे.

बार व्हायचा तो क्षणभराचा. त्यानंतर बांधावर बाभळीच्या काटक्यांचा जाळ, त्यावर शेकलेली भाकरी, ठेचा, आणि ओल्या धोतराला सुटलेली वाफ. आज मला विचाराल तर बंदुकीचा आवाज मला आठवतही नाही, पण ती शीळ आठवते.

बहात्तरचा कायदा आला तेव्हा मामा नाराज झाले, हे खोटे कशाला सांगू. दोन हिवाळे ते त्या बाजूला फिरकलेच नाहीत. तिसऱ्या वर्षी कार्तिकात त्यांनी मला पुन्हा साडेतीनला उठवले. बंदूक घेतली नव्हती. वारा मात्र त्यांनी तसाच पाहिला, जागा तशीच बदलली, आणि थंडीत तसेच उभे राहिलो. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि पुढे ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले, ते पाहायला मामा नव्हते. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला तो इंग्रजी अमदानीतील बंधारा गाळाने भरत गेला, आणि त्याच गाळाने पाणथळ तयार केले.

रायफलीबद्दल मी रानवाट ताईंशी सहमत नाही. वस्तू घरात असली की तिच्याबरोबर गोष्टी राहतात. मामांची दुनळी विकली गेली तेव्हा आमच्या घरात मामांचा विषय निघणेही हळूहळू कमी झाले. देवळालीच्या साहेबांनी सांगितले तितके कष्ट घेणार असाल तर ती जरूर ठेवा. दर वर्षी नळी साफ करणे जमणार नसेल, तर मात्र ताईंचे ऐका.

दिंडोरीकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. काल मळ्यात जाऊन आप्पांची पेटी उघडली. शिंगांचे मालकी प्रमाणपत्र आजोबांच्या नावाचे सापडले, पण आप्पांनी वारस म्हणून घोषणा केल्याचा कागद नाही. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे या आठवड्यात लेखी अर्ज तयार करून घेतो. रायफलीसाठी अर्ज करायचे ठरवले आहे; आई आणि बहीण दोघींनी संमती दिली. ती शहरातील घरातच राहील.

आणखी एक विचारायचे राहिले. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिला नेमबाजी शिकायची आहे. ही रायफल त्यासाठी उपयोगी पडेल का?

दहा मीटर

मी मुलांना नेमबाजी शिकवतो. आपल्या रायफलीचा त्यासाठी उपयोग नाही, तिचा धक्काच त्या वयाला झेपणार नाही. सुरुवात .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलने होते, आणि या बोअरच्या २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. ती घेऊन मळ्यात होला किंवा तितर टिपणे मात्र शिकारच ठरते, हे मुलीला पहिल्या दिवशी सांगा.

दहा मीटरवरच्या निशाणाचा मधला ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पहिले काही आठवडे आम्ही मुलांना चाप ओढूच देत नाही; उभे राहायचे, श्वास अर्धा सोडायचा आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण, कशी हलते ते पाहायचे, एवढेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकणारा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरतो, तेव्हा त्याचा सारा खेळ याच स्थिरपणावर उभा असतो. लव्हाळ्यात दोन तास उभे राहणे, असे काकांनी लिहिले आहे. तेच आम्ही बंद खोलीत शिकवतो.

निफाडकर काका

मग पोरीला आधी माझ्याकडे घेऊन या. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला नांदूर मध्यमेश्वरला, चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यापाशी मी असेन. पांढरे किंवा भडक कपडे नकोत, कानटोपी हवी, आणि आप्पांची दुर्बीण विसरू नका. भाकरी आणि ठेचा माझ्याकडे असेल.