संज्ञांच्या व्याख्या पाठ आहेत, पण कवितेत त्या वापरता येत नाहीत: अभ्यास कसा करावा, काय वाचावे?

धागाकर्ती:
मी साहित्य हा विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शिकत आहे. अलंकार, शब्दशक्ती (शब्दातून अर्थ प्रकट करणाऱ्या शक्ती), रस यांच्या व्याख्या मला पाठ आहेत. प्रतिमा, प्रतीक, निवेदक याही संज्ञा परिचित आहेत. मात्र पूर्वी न वाचलेली कविता समोर आली की तिच्यात उत्प्रेक्षा आहे की रूपक, याविषयी माझा निर्णय डळमळतो आणि अलंकार ओळखता आला तरी त्यापुढे काय लिहावे ते सुचत नाही. अभ्यास कोणत्या क्रमाने करावा आणि जवळ कोणता कोश असावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शब्दवेध:
व्याख्या सुट्या पाठ केल्यामुळे हा गोंधळ होतो. अलंकार कुटुंबाने शिकावेत, म्हणजे एकच उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते) आणि एकच उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) घेऊन त्यांच्यातील नाते कसे बदलते ते पाहावे. जुन्या परंपरेतील मुख आणि चंद्र ही जोडी यासाठी अजूनही उत्तम आहे. मुख चंद्रासारखे आहे असे म्हटले की उपमा होते. मुख जणू चंद्रच आहे अशी कल्पना केली की उत्प्रेक्षा होते. ‘मुखचंद्र’ म्हणून दोहोंत अभेद मानला की रूपक होते. हे मुख नव्हेच, हा चंद्र आहे असे म्हणून उपमेय नाकारले की अपन्हुती होते, हे मुख की चंद्र असा संशय कायम ठेवला की ससंदेह होतो, आणि चकोर खरोखरच त्या मुखाला चंद्र समजून झेपावला की भ्रान्तिमान होतो. चंद्राहूनही मुख सुंदर ठरवले की तो व्यतिरेक. ही साखळी स्वतःच्या हाताने, वेगळी जोडी घेऊन, लिहून पाहावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी नामदेवांचा अभंग घ्या: ‘अमृताहुनी गोड नाम तुझें देवा । मन माझें केशवा कां बा नेघे’. पहिला चरण व्यतिरेकाचे सर्वपरिचित उदाहरण आहे आणि बहुतेक उत्तरपत्रिका तेथेच थांबतात. वास्तविक हा व्यतिरेक केवळ स्तुतीसाठी आलेला नाही. नाम अमृताहून गोड आहे हे मान्य केल्यामुळेच, मग माझे मन ते का घेत नाही, या दुसऱ्या चरणातील व्याकुळ प्रश्नाला धार येते. गोडी जितकी मोठी, तितकी मनाची विमुखता अनाकलनीय. अलंकाराचे नाव लिहून झाल्यावर, तो काढून टाकला तर ओळीचे काय बिघडेल, हा प्रश्न विचारावा. उत्तराचा खरा मजकूर तेथून सुरू होतो.

ग्रंथसखा:
कोशांपुरते सांगतो. मराठीत ग. रा. भटकळ फाउंडेशनचा ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ (२००१) जवळ असावा. भारतीय काव्यशास्त्रासाठी ग. त्र्यं. देशपांडे यांचे ‘भारतीय साहित्यशास्त्र’ सावकाश वाचावे. इंग्रजी वाचता येत असल्यास एम. एच. एब्रम्स यांचा १९५७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला संज्ञाकोश उपयुक्त आहे, कारण त्यातील नोंदी कोरड्या व्याख्या नसून छोटे निबंध आहेत. मराठी विश्वकोशातील नोंदी महाजालावर विनामूल्य वाचता येतात.

मीमांसा:
शब्दवेध यांच्या पद्धतीशी मी सहमत आहे, क्रमाशी नाही. अलंकारांच्या आधी शब्दशक्ती पक्क्या कराव्यात असे माझे ठाम मत आहे, कारण शब्दातून अर्थ कोणत्या वाटेने येतो हे कळल्याशिवाय अलंकार म्हणजे नावांची यादी उरते. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण पाहा. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून अभिधेने मिळणारा शब्दाचा सरळ अर्थ, म्हणजे वाच्यार्थ, अडतो. प्रवाहाशी संबंधित असलेला ‘तीर’ हा अर्थ घ्यावा लागतो, ही लक्षणा झाली. पण मग बोलणाऱ्याने सरळ ‘गंगेच्या तीरावर’ असे का म्हटले नाही? कारण त्याला त्या वस्तीचा शीतलपणा आणि पावित्र्य सुचवायचे होते, आणि हे सुचवणे व्यंजनेचे काम आहे. एका लहान वाक्यात तिन्ही शक्ती एकामागून एक काम करताना दिसतात.

व्यंजनेला वाच्यार्थ अडण्याचीही गरज नसते. ‘सूर्य मावळला’ या वाक्यात विसंगत असे काहीच नाही. तरीही गुराख्याला त्यातून गुरे वळवण्याची सूचना मिळते आणि प्रियकराला ठरल्या जागी भेटायला जाणाऱ्या प्रेयसीला निघण्याची वेळ झाल्याचे कळते. वक्ता, श्रोता आणि प्रसंग बदलला की व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, बदलतो. नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनीला, म्हणजे काव्यातील सूचित अर्थाला, काव्याचा आत्मा म्हटले, ते याच सामर्थ्यामुळे. आधुनिक कविता वाचताना मला शब्दशक्तींचाच आधार अधिक होतो, कारण तेथे ‘सम’, ‘जणू’ असे साम्य दाखवणारे शब्द अनेकदा नसतात.

एक सूचना. भारतीय आणि पाश्चात्त्य संज्ञांची एकास एक जोडी लावू नये. करुण रसाचा स्थायिभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेला भाव, शोक आहे. ॲरिस्टॉटलची शोकांतिका करुणा आणि भीती यांच्या विरेचनाविषयी, म्हणजे निचऱ्याविषयी, बोलते आणि तिचा भर कथानकाच्या रचनेवर आहे. ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

कथनसूत्र:
कथा-कादंबरीसाठी एकच भेद आधी आत्मसात करावा: कोण सांगतो आणि कोण पाहतो. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये ही दोन प्रश्नांची फारकत स्पष्टपणे मांडली. तृतीयपुरुषी निवेदनातही दृष्टी एखाद्या लहान मुलाची असू शकते. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केलेली अविश्वसनीय निवेदक (ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असा) ही संज्ञा यानंतर सहज कळते.

धागाकर्ती:
सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. क्रम मीमांसा यांचा आणि सराव शब्दवेध यांचा, असे ठरवत आहे. एक शंका उरते: दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत माझी हमखास गल्लत होते.

शब्दवेध:
‘संकटातही त्याने धीर सोडला नाही, थोरांचे मन आपत्तीत डगमगत नसते.’ येथे दुसरे विधान सर्वसामान्य आहे, पहिल्याला ते आपल्या पोटात घेते आणि त्याचे समर्थन करते, म्हणून अर्थान्तरन्यास. सामान्य विधान आधी येऊन विशेष उदाहरणाने त्याचे समर्थन झाले, तरी अलंकार हाच. आता ‘संकटातही त्याने धीर सोडला नाही, वादळातही पर्वत जागचा हलत नाही’ हे वाक्य पाहा. पर्वताच्या विधानात तो माणूस सामावत नाही. दोन्ही विधाने समोरासमोर बिंब-प्रतिबिंबासारखी उभी आहेत, म्हणून दृष्टान्त. एक विधान दुसऱ्याला सामावून घेते का, एवढेच तपासावे.